स्वतःचा बांधकाम व्यवसाय सुरू करायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी लातूर जिल्ह्यात घरांची बांधकामं घेतो. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर सात वर्षं दुसऱ्याच्या साइटवर सुपरवायझर होतो, २०१० पासून स्वतःची कामं घेतोय. दरवर्षी निकाल लागले की कुणी ना कुणी पोरं भेटायला येतात. कधी आमच्याच साइटवरचा एखादा गवंडी संध्याकाळी हजेरी झाल्यावर मागे थांबतो आणि हळूच विचारतो, "सर, आपलं आपण काम घ्यावं म्हणतो, कसं करायचं?" त्यांना जे सांगतो तेच इथे लिहिलंय. दाखले मराठवाड्यातले जास्त येतील. कोकणातला जांभा आणि पाऊस, मुंबईतली जागेची अडचण, तिथलं गणित काही बाबतीत वेगळं असतं.

बांधकाम व्यवसाय म्हणजे बिल्डर होणं का?

नाही, आणि ही गल्लत महागात पडते. बिल्डर जागा घेतो किंवा जागामालकाशी विकसन करार करतो, इमारत बांधतो आणि फ्लॅट विकतो. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी आणि सदनिकाही आठपेक्षा जास्त असतील तर विक्रीआधी महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. ग्राहकांकडून आलेल्या पैशातला ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करावा लागतो. हा मोठ्या भांडवलाचा आणि लांब दमाचा धंदा आहे.

आपण बोलतोय ते ठेकेदारीबद्दल. जागा मालकाची, नकाशा मालकाचा, बांधून द्यायचं आपण. त्यातही दोन प्रकार आहेत. लेबर रेटमध्ये सिमेंट, सळई, विटा, वाळू सगळं मालक आणून देतो आणि आपण चौरस फुटावर मजुरी घेतो. विथ मटेरिअलमध्ये माल आणि मजुरी दोन्ही आपली. नवख्याने पहिली दोन-तीन कामं लेबर रेटने करावीत असं माझं ठाम मत आहे. कमाई कमी होते, पण मालाचे भाव वाढल्याचा फटका बसत नाही. आणि कुठल्या कामाला किती माल जातो हे दुसऱ्याच्या मालावर, आपल्या डोळ्यांसमोर शिकायला मिळतं. तिथे रोज संध्याकाळी वहीत लिहा, आज किती गोण्या फुटल्या आणि किती काम झालं. पुढे दर काढताना ती वही कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडते.

डिग्री किंवा डिप्लोमा नसेल तर चालेल का?

खाजगी घराची कामं घ्यायला चालतं. आमच्या भागातले उत्तम ठेकेदार बिगारीपासून वर आलेले आहेत. मात्र नकाशावर सही परवानाधारक इंजिनिअरची किंवा आर्किटेक्टचीच लागते, आणि सळईचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यायचं. "मागच्या घराला बारा एमएमच्या सहा सळया टाकल्या होत्या, इथेही टाकू" असं कुणी म्हणाला तर तो ठेकेदार कितीही जुना असला तरी त्याचं ऐकू नका.

गवंडीकाम करणाऱ्यांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली. तिच्या १८ व्यवसायांत गवंडी आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांचं कर्ज मिळतं. काँक्रीट दाबून बसवायचा व्हायब्रेटर आणि स्लॅबच्या साच्याच्या थोड्या सेंट्रिंग प्लेटांची सोय तेवढ्यात होऊ शकते.

किती वर्षं अनुभव घेऊन मग उतरावं?

वर्षं मोजू नका. लाइन आउटपासून, म्हणजे पायाच्या आखणीपासून, रंगापर्यंत किमान एक पूर्ण घर बघितलेलं असावं, आणि ते घर एक पावसाळा काढताना पण बघितलेलं असावं. बरेच सुपरवायझर स्लॅबपर्यंतच असतात, मग दुसऱ्या साइटवर जातात. त्यांना टाक्या, नळ, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, दरवाजांच्या चौकटी यातलं काही माहीत नसतं आणि पैसा नेमका तिथे गळतो.

भांडवल किती लागतं?

लोकांना एक आकडा ऐकायचा असतो. मी दोन गोष्टी सांगतो.

पहिली, विकत काय घ्यायचं आणि भाड्याने काय आणायचं. थापी, ओळंबा, लेव्हल ट्यूब, घमेली, फावडी, सुई व्हायब्रेटर, एक चांगला टेप आणि दोरी हे स्वतःचं हवं. मिक्सर, जेसीबी, लिफ्ट, परांचीचे पाइप भाड्याने मिळतात. सेंट्रिंग प्लेटांचा मोह सगळ्यांना होतो. साधी प्लेट ३ फूट बाय २ फुटांची, म्हणजे ६ चौरस फूट. १,००० चौरस फुटांच्या स्लॅबला जवळपास १६७ प्लेटा लागतात, शिवाय टेकू, चॅनेल, बीमच्या फळ्या वेगळ्या. त्या वर्षातून तीन-चार वेळाच वापरल्या जाणार असतील तर बाकीचे महिने तुमचा पैसा गोदामात गंजत पडतो. सलग कामं मिळू लागेपर्यंत सेंट्रिंग ठेकेदाराला चौरस फुटावर काम द्या.

दुसरी, हातात किती रोख असावी. मालकाचा हप्ता एक महिना उशिरा आला तरी सगळ्या गड्यांचा चार आठवड्यांचा बाजार देता आला पाहिजे. आमच्याकडे आठवडी बाजाराच्या दिवशी पगार होतो, म्हणून त्याला बाजारच म्हणतात. त्या दिवशी गडी रिकाम्या हाताने घरी गेला तर पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्याच्या साइटवर असतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

नोंदणी कुठे कुठे करायची?

सुरुवात एकल मालकीने करा. पॅन, धंद्याच्या नावाचं चालू खातं, उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी, व्यवसाय कर आणि दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना, एवढ्यावर काम सुरू होतं. २०१७ च्या राज्याच्या कायद्यात आधी मर्यादा दहा कामगारांची होती, २०२५ च्या दुरुस्तीने ती वीस झाली. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पुरते, वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी लागते. व्यवसाय कर स्वतःचा वर्षाला २,५०० रुपये. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. तिच्यासाठी हजार-दीड हजार मागणारे एजंट भेटतील, देऊ नका.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) यांची घाई नको. त्यांचा दरवर्षीचा हिशेब-तपासणीचा खर्च लहान कामाला झेपत नाही.

जीएसटी केव्हा लागू होतो?

महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी बंधनकारक. माल आणि मजुरी मिळून घेतलेलं काम कायद्याने सेवाच धरतात, त्यामुळे विथ मटेरिअलची दोन छोटी घरं घेतली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. दर १८ टक्के. मालावर भरलेल्या कराची वजावट मिळते, म्हणून सिमेंट, सळईचं पक्कं बिल घेणं तुमच्याच फायद्याचं. एका स्वतंत्र घराच्या नव्या बांधकामाचं निव्वळ मजुरीचं काम असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. लेबर रेटने सुरुवात करा म्हणतो त्याचं हेही एक कारण.

सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. त्याआधीची कोटेशनं बघून दर काढणार असाल तर हा फरक धरा. आणि कोटेशनवर 'जीएसटी वेगळा' की 'जीएसटीसह' हे स्पष्ट लिहा. तोंडी ठरलेल्या दराच्या वर १८ टक्के मागितले की सज्जन मालकसुद्धा हबकतो, आणि त्याचा विश्वास उडतो तो कायमचा.

आयकर कसा भरायचा?

उलाढाल २ कोटींच्या आत असेल तर अनुमानित करपद्धत सोपी. रोखीच्या उलाढालीवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून कर भरायचा. रोकड ५ टक्क्यांच्या आत असेल तर हीच मर्यादा ३ कोटी. एकल मालकी आणि भागीदारीला हे चालतं, कंपनीला आणि एलएलपीला नाही. संस्थांची कामं केलीत तर बिलातून १ टक्का टीडीएस कापून येतो. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का ते बघत राहा.

दर कसा काढायचा?

इथे सावकाश सांगतो, कारण बुडालेल्या दहा ठेकेदारांपैकी बरेचसे दर काढताना बुडालेले असतात.

गावात चाललेला दर विचारून त्यापेक्षा पन्नास रुपये कमी सांगायचे, ही नवख्याची पद्धत. तो दर ज्याने सांगितला त्याच्या प्लेटा स्वतःच्या आहेत का, त्याला सळई उधार मिळते का, त्याचा पाया मुरमात लागला की काळ्या मातीत, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. म्हणून नकाशा समोर घ्या आणि एकेक काम मोजा.

एक स्लॅब घेऊ. १,००० चौरस फूट, जाडी ५ इंच. १,००० गुणिले ५, भागिले १२, म्हणजे ४१६ ते ४१७ घनफूट. घनमीटरमध्ये ११.८. त्यात बीम धरले की समजा १५ घनमीटर. एम-२० प्रतीच्या काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू, खडीचं १:१.५:३ प्रमाण घेतलं तर घनमीटरला साधारण ८ गोण्या सिमेंट, म्हणजे १२० गोण्या. वाळू, खडी ब्रासमध्ये काढायची. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. सगळ्यावर थोडी नासाडी धरा.

सळईचं वजन काढायचं सूत्र पाठच असू द्या. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की एका मीटरचे किलो मिळतात. १२ एमएमची सळई मीटरला ०.८८९ किलो, १२ मीटरची पूर्ण सळई १०.६७ किलो. ८ एमएमची पूर्ण सळई ४.७४ किलो, म्हणजे एका टनात २११ सळया. गाडी आली की वजनकाट्याची पावती आणि सळयांची संख्या ताडून बघा. एकदा माझ्या साइटवर ८ एमएमचा एक टन उतरवला आणि मोजल्या तर १९४ भरल्या. काट्याची पावती बरोबर होती, गाडीवाल्याने लबाडी केली नव्हती. सळई जाड आली होती. डिझाइनमध्ये सळयांची संख्या आणि अंतर ठरलेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच कामाला मला जास्त वजनाचे पैसे मोजावे लागले. तेव्हापासून प्रत्येक लॉटमधली एक मीटर सळई कापून वजन करतो. उलट पातळ आली तर प्रश्न पैशाचा राहत नाही, घराचा होतो. ती परत पाठवायची.

माल आणि मजुरी झाली की विसरू नका असा खर्च असतो: विजेचं तात्पुरतं कनेक्शन, पाण्याचे टँकर, वॉचमनची खोली, मालाची चढ-उतार, तुमचं पेट्रोल, फोन, विमा, क्यूब टेस्ट (काँक्रीटच्या ठोकळ्याची ताकद तपासणी). आणि स्वतःचा पगार. तुम्ही रोज दहा तास साइटवर उभे राहणार, त्याची मजुरी खर्चात धरायची. नफा त्याच्यानंतर. मी १० टक्क्यांच्या खाली नफा धरून काम घेत नाही, कारण एक हप्ता अडकला, एक स्लॅब पावसात सापडला की एवढा कुठेही जातो.

करारात काय काय लिहायचं?

माझं स्वतंत्र घेतलेलं पहिलंच विथ मटेरिअलचं घर. १०० रुपयांच्या स्टॅम्पवर एका पानाचा करार, त्यात 'घर पूर्ण बांधून देणे' एवढंच. काम चालू असताना मालकाने तीन खोल्यांत लॉफ्ट सांगितले, मागे हौद सांगितला, जिन्याखाली संडास काढायला सांगितला, मग कंपाउंडची भिंत. मी हो हो म्हणत गेलो, वाटलं शेवटी हिशेब करू. शेवटी ते म्हणाले, "घर पूर्ण म्हणजे हे सगळं आलंच की." माझे सव्वादोन लाख गेले आणि दोन वर्षं ते फेडण्यात गेली. ते गृहस्थ वाईट नव्हते. त्यांच्या मनातलं पूर्ण घर आणि माझ्या मनातलं पूर्ण घर वेगळं होतं, आणि कागदावर काहीच नव्हतं.

आता करारासोबत नकाशाची सही केलेली प्रत जोडतो. सिमेंट आणि सळई कुठल्या कंपनीची, वीट कोणती, फरशीचा दर चौरस फुटाला कितीपर्यंत, दरवाजे-खिडक्या कशाचे, विजेचे पॉइंट किती, रंगाचे हात किती, सगळं आकड्यांत. बांधकाम क्षेत्र कसं मोजायचं, म्हणजे बाल्कनी, जिना, स्लॅबचा बाहेर आलेला भाग पूर्ण धरायचा की अर्धा, हेही. जादा कामाची वेगळी डायरी साइटवर असते. मालकाने काही नवं सांगितलं की त्याच दिवशी मोजमाप आणि दर लिहून दोघांच्या सह्या. आमच्या भागात पाहुण्यारावळ्यांची कामं जास्त. "काका, डायरीत सही करा" म्हणायला सुरुवातीला जीभ रेटत नाही. पण म्हणा. शेवटचा हिशेब दहा मिनिटांत होतो आणि नातं टिकतं.

मंजूर नकाशाची शिक्क्याची प्रत डोळ्यांनी बघितल्याशिवाय लाइन आउट करू नका. परवानगी घेणं मालकाचं काम असलं तरी नोटीस आली की साइट तुमची बंद पडते, गडी तुमचे बसून राहतात. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागात डिसेंबर २०२० पासून बांधकामाची एकत्रीकृत नियमावली लागू आहे. समासातली, म्हणजे घराभोवती मोकळी ठेवायची, अंतरं त्याप्रमाणे सोडलीत का ते इंजिनिअरकडून लेखी घ्या.

हप्ते कसे ठरवायचे?

काम झाल्यावर पैसे असे नाही, टप्पा सुरू होताना पैसे असे. माझी रीत सांगतो: करारावेळी १० टक्के, पाया खोदताना १५, कॉलम उभे करताना १५, स्लॅबची सळई आणण्याआधी २०, वीटकाम-गिलाव्याला १५, फरशी-नळ-वायरिंगला १५, रंगाला ७ आणि ताबा देताना ३. शेवटचा हप्ता लहान ठेवा. मोठा ठेवलात की तो मिळवताना चपला झिजतात.

आणि या पानावरचं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: एका साइटचा पैसा दुसऱ्या साइटला लावू नका. मी जवळून बघितलेले जे ठेकेदार बुडाले, त्यांची कामं चांगली होती, गडी चांगले होते. झालं असं की पहिल्या घराचा हप्ता उशिरा आला, म्हणून दुसऱ्या घराच्या आगाऊ रकमेतून पहिल्याची सळई आणली. मग दुसऱ्याचं काम सुरू करायला पैसा नाही, म्हणून तिसरं काम घेतलं, आणि ते पटकन मिळावं म्हणून दर पाडला. तिसऱ्याची आगाऊ रक्कम दुसऱ्यात गेली. असं वर्ष-दोन वर्षं चालतं, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं माणूस जोरात आहे, चार साइट चालू आहेत. मग एका मालकाच्या घरी दवाखाना निघतो, तो हप्ता थांबवतो आणि चारही साइट एकाच आठवड्यात बंद पडतात.

प्रत्येक साइटची वही वेगळी ठेवा, जमल्यास खातंही वेगळं. नवं काम घेताना स्वतःला विचारा, हे काम मला कामासाठी हवंय की त्याच्या आगाऊ रकमेसाठी? आगाऊ रकमेसाठी हवं असेल तर सोडा. आधी हातातलं पुरं करा, गरज पडली तर घरचं सोनं गहाण ठेवा, पण तिसऱ्या माणसाच्या घराचा पैसा त्यात घालू नका. तो त्याचा घर बांधायचा पैसा आहे, पीएफ काढून, शेत विकून आणलेला.

मजूर कुठून आणायचे, उचल द्यावी का?

गवंडी आणि बिगारी शक्यतो जवळपासच्या गावांतले, मुकादमाच्या ओळखीने. फरशी, पीओपी यांची टोळी बाहेरच्या राज्यातली असते, त्यांना कामावर ठरवून द्या. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, द्यावी लागते, पण एका माणसाला दोन आठवड्यांच्या मजुरीपेक्षा जास्त देऊ नका आणि दर बाजाराला थोडी थोडी वळती करा. हजेरीचं मस्टर रोज भरा आणि त्यावर गड्याचीच सही किंवा अंगठा घ्या.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात आपल्या गड्यांची नोंदणी करायला मदत करा. वय १८ ते ६०, आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. ते ठेकेदार म्हणून तुम्ही देऊ शकता. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, आजारपण याला मदत मिळते. हा पैसा बांधकाम खर्चावरच्या १ टक्का सेसमधून येतो, म्हणजे त्यांच्याच घामाचा आहे. न केलेल्या कामाचं प्रमाणपत्र मात्र कुणालाही, कितीही आग्रह झाला तरी देऊ नका.

कामगार कायद्यांबाबत एक सूचना: २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. जुन्या पुस्तकातली कलमं बघून चालू नका, कर सल्लागाराकडून नव्याने समजून घ्या.

अपघात झाला तर जबाबदारी कुणाची?

तुमची. पहिला स्लॅब सुरू होण्याआधी कामगार भरपाईचा विमा काढा, आणि मोठं काम असेल तर ठेकेदारांची सर्वजोखीम पॉलिसी. हप्ता एका सळईच्या गाडीपुढे काहीच नाही. पायाचा खड्डा माणसाच्या उंचीपेक्षा खोल असेल तर कडा तिरक्या करा आणि काढलेली माती काठावर ठेवू नका. पावसानंतर ओला काठ खाली येतो तेव्हा आवाजसुद्धा होत नाही. वरून जाणारी विजेची तार असेल तर सळई उभी करण्याआधी महावितरणला लेखी अर्ज द्या. हेल्मेट आणि पट्टा घातल्याशिवाय वर चढायचं नाही, हा नियम स्वतःपासून पाळा.

काळ्या मातीत पाया घेताना काय बघायचं?

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात. तिच्यावर टेकवलेलं घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. कडक मुरूम लागेपर्यंत खाली जा. खूप खोल असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर पाइलचा, म्हणजे खोल खांबांच्या पायाचा, विचार करेल. खोदलेली काळी माती जोत्यात परत भरू नका. ती फुकट समोर पडलेली असते, मुरमाच्या गाड्यांना पैसे लागतात, म्हणून हा मोह मोठा. मुरूम थराथराने टाका, पाणी मारा, धुमसा.

आणि भूकंप. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात जे झालं ते आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या धाब्याचं, ओझं, झोपलेली माणसं त्याखाली गेली. म्हणून कॉलमच्या सळयांभोवतीची रिंग बांधणाऱ्या फिटरजवळ मी स्वतः उभा राहतो. रिंगचं टोक काटकोनात नुसतं दुमडलेलं चालत नाही, १३५ अंशांत आत वळलेलं हवं, म्हणजे हादऱ्यात ती उघडत नाही. फिटरला त्याचा कंटाळा येतो, कारण सळई घालायला अडचण होते. त्याला किल्लारीची आठवण सांगा, तो ऐकतो.

पाणी कमी असेल तर क्युरिंग कसं करायचं?

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. माणसांना प्यायला नाही तिथे स्लॅबवर पाणी कोण ओतू देणार? त्या उन्हाळ्यात मी नवा स्लॅब घेतलाच नाही, पावसापर्यंत थांबलो.

क्युरिंग म्हणजे काँक्रीट पक्कं होईपर्यंत ओलं ठेवणं. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी लागतं, कोरड्या उष्ण हवेत १० दिवस, आणि पीपीसीसारख्या (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटला १४ दिवसांपर्यंत वाढवावं असं सांगितलंय. आमच्याकडचा उन्हाळा कोरडा आणि बाजारात पीपीसीच जास्त, म्हणून १४ धरा. स्लॅबवर सिमेंटच्या पाळी घालून वाफे करा आणि पाणी तुंबवून ठेवा. कॉलमला ओली गोणपाटं बांधा. पाणी मारायला ठेवलेला माणूस दुपारी झोपला तर तुमच्या एम-२० चा काही उपयोग नाही. उन्हाळ्यात शक्यतो पायाची आणि जोत्याची कामं काढा, पाणी कमी लागतं.

टेकू काढायची घाई मालकालाही असते आणि सेंट्रिंगवाल्यालाही. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस तरी ठेवा. ६ मीटरपेक्षा लांब बीमचे २१ दिवस.

वाळू नदीची की क्रश सँड?

चांगल्या क्रशरची धुतलेली क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, बिनधास्त वापरा. नदीची वाळू आणायची तर वाहतुकीचा पास असलेल्या गाडीतूनच. विनापास वाळू साइटवर सापडली तर महसूल खातं दंड करतं आणि तेव्हा गाडीवाला फोन उचलत नाही.

सरकारी टेंडर घ्यावं का?

सुरुवातीची तीन वर्षं नको. सार्वजनिक बांधकाम विभागाची ठेकेदार नोंदणी, डिजिटल सही, बँकेचा ऐपतीचा दाखला, बयाणा रक्कम, सुरक्षा ठेव हे सगळं जमवता येतं. सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी राखीव कामंही असतात. अडचण बिलाची आहे. काम एमबीवर (खात्याच्या मोजमाप वहीत) चढतं, बिल तयार होतं, पण निधी नसेल तर ते पडून राहतं. २०२५ मध्ये थकलेल्या बिलांसाठी राज्यभर ठेकेदार रस्त्यावर उतरले होते. व्याजाने पैसा उचलून काम पुरं केलेल्या तरुण पोरांचे हाल मी जवळून बघितलेत. वर्षभर बिल आलं नाही तरी घर आणि बाकीच्या साइट चालतील एवढी ताकद आली की मग बघा, आणि तेव्हाही अंदाजपत्रकापेक्षा वीस-पंचवीस टक्के खाली जाऊन काम घेऊ नका. त्या दरात नीट रस्ता होत नाही.

मित्रासोबत भागीदारी करावी का?

एकाकडे साइटचं ज्ञान आणि दुसऱ्याकडे हिशेबाची शिस्त असेल तर जरूर. दोघंही साइटवर रमणारे असतील तर वही कोण लिहिणार? भागीदारीपत्र नोंदवून घ्या आणि महिन्याला कुणी किती उचलायचे ते पहिल्याच दिवशी ठरवा.

पहिलं गिऱ्हाईक कसं मिळेल?

दुरुस्तीच्या कामातून. गळणारी गच्ची, सोललेला गिलावा, कंपाउंडची भिंत, बाथरूमची फरशी. ठरलेल्या दिवशी या, ठरलेल्या दिवशी संपवा, राडारोडा उचलून नेऊन जागा झाडून द्या. ज्यांच्या गच्चीचं काम केलं त्यांच्याच पाहुण्यांचं पहिलं घर मला मिळालं.

ताबा दिल्यानंतर भिंतीला चीर गेली तर?

आधी जाऊन बघा. फोनवर "काही नाही, गिलाव्याची आहे" म्हणू नका. गिलाव्यावरची केसासारखी चीर वेगळी, कॉलम आणि वीटकामाच्या सांध्यातली सरळ चीर वेगळी, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघून रुंद होत गेलेली वेगळी. तिसऱ्या प्रकारात पाया हलल्याची शंका घ्यायची. चिरेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून त्यावर तारीख लिहा. महिनाभरात काच तडकली तर चीर अजून वाढतेय, इंजिनिअरला बोलवा. सांध्यातली चीर टाळायला गिलाव्याआधी कोंबडी जाळी मारायची, हे बहुतेकांना माहीत असतं आणि घाईत राहून जातं.

मी करारात एक वर्ष दुरुस्तीची हमी लिहून देतो. पण कुणी मागितलं नाही तरी पहिला मोठा पाऊस झाला की त्या वर्षीच्या सगळ्या घरांवर एक चक्कर मारतो. गच्चीवर पाणी कुठे साचतंय, पन्हाळं वाहतंय का, जोत्याच्या कडेची माती खचलीय का एवढंच बघायचं. घरातल्या बाई वर येऊन सांगतात, "दादा, या कोपऱ्यात थोडं ओल येतंय बघा." तेव्हाच गडी पाठवला तर अर्ध्या दिवसाचं काम असतं.